क्रियापद शेवटी येतं, पण मेंदू थांबत नाही

'जपानी म्हणजे मराठीच, फक्त शब्द वेगळे' असा एक फॉरवर्ड परत फिरतोय आणि त्यात 'कारण ती संस्कृतातून निघाली' हेही चिकटवलेलं आहे. जपानी अक्षरांच्या तक्त्यातला अ-इ-उ-ए-ओ हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धं लिपीच्या (संस्कृत लिहायची एक जुनी लिपी) अभ्यासातून तिकडे पोचला हे खरंय, पण म्हणून भाषा संस्कृतची लेक होत नाही. आणि मराठी-जपानीतला कर्ता-कर्म-क्रियापद हा सारखा क्रम तर तुर्की, कोरियन, बास्कमध्येही आहे. कृपया हे पुढे पाठवू नका.

उलट जिथे दोन्ही भाषा वेगळ्या होतात तिथेच बघण्यासारखं आहे. जपानी क्रियापद पुरुष, लिंग, वचन कशालाच जुमानत नाही. आपल्याकडे 'दिला, दिली, दिलं' वरून काय दिलं याचा थोडा तरी सुगावा लागतो, तिथे तेही नाही. कोणी, काय, कोणाला हा सगळा भार नामामागच्या चिमुकल्या प्रत्ययांवर असतो: कर्त्याला 'गा', कर्माला 'ओ', ज्याला दिलं त्याला 'नि'. म्हणून तर 'तारो-गा होन-ओ योंदा' (तारोने पुस्तक वाचलं) हे 'होन-ओ तारो-गा योंदा' असं फिरवलं तरी अर्थ तोच राहतो.

मग क्रियापद येईपर्यंत ऐकणारा काय करतो, वाट बघत बसतो? २००३ साली युकी कामिदे, जेरी ऑल्टमन आणि सारा हेवुड या संशोधकांनी जपानी लोकांना चित्र दाखवलं, त्यात वेट्रेस, गिऱ्हाईक, हॅम्बर्गर वगैरे, आणि वाक्य ऐकवताना त्यांची नजर कुठे जाते ते मोजलं. 'वेट्रेस-गा गिऱ्हाईक-नि हसत हसत...' एवढं ऐकल्यावरच, म्हणजे हॅम्बर्गर हा शब्द यायच्या आधी, नजर हॅम्बर्गरकडे जास्त वळत होती. 'गिऱ्हाईक-ओ' ऐकवलं (शेवटी क्रियापद 'चिडवते' असं) तर तेवढी नाही. 'नि' म्हणजे काहीतरी द्यायचं असणार, हे मेंदूने क्रियापदाशिवायच ताडलं! मराठीत हाच प्रयोग इतका सोपा होणार नाही, कारण 'वेट्रेस गिऱ्हाईकाला हसत हसत...' यानंतर 'बर्गर देते' पण चालतं आणि 'चिडवते' पण, आपला 'ला' दोन्ही कामं करतो.

पण हा आधीच अंदाज बांधायचा स्वभाव कधीकधी फसवतो. 'तारो-गा होन-ओ योंदा' ऐकलं, वाक्य पुरं झालं असं वाटलं, आणि पुढे आलं 'गाकुसेइ-ओ मिता'. गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी, मिता म्हणजे पाहिलं. आता 'होन-ओ योंदा' हे त्या विद्यार्थ्याचं विशेषण झालं, पण त्या आतल्या वाक्यात वाचणाऱ्याची जागा तर तारोने धरलेली, मग तारोला तिथून उचलून बाहेरच्या वाक्यात बसवावं लागतं: पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्याला तारोने पाहिलं. मराठीत 'वाचलं' आणि 'वाचलेल्या' ही रूपंच वेगळी, शिवाय 'जो-तो' हाताशी आहे. जपानीत दोन्हीकडे तेच 'योंदा'.

क्लासमध्ये सुरुवातीला शिकवतात तो 'मास' फॉर्म इथे वाचवतो. सभ्य बोलण्यात वाक्य संपताना 'योमिमाशिता' ('योंदा'चंच 'मास' रूप) येतं, त्यामुळे नुसतं 'योंदा' आलं की अजून काहीतरी यायचंय हे कळतं. पेपर वाचताना मात्र ही सोय जाते, कारण तिथे साधीच रूपं असतात. 'तारो-वा' असेल तरी बरंच सोपं, विषय दाखवणारा हा 'वा' सहसा अशा आतल्या वाक्यात शिरत नाही, म्हणजे तारो बाहेरचाच.

आणि माझा सगळ्यात लाडका प्रकार: आतल्या वाक्यातल्या कर्त्याला 'गा' ऐवजी 'नो' (आपला चा-ची-चे) लावता येतो. 'तारो-गा काइता होन' आणि 'तारो-नो काइता होन', दोन्हीचा अर्थ तारोने लिहिलेलं पुस्तक. पण त्याच आतल्या वाक्यात 'ओ' वालं कर्म आलं की 'नो' बहुतेकांना खटकतो. 'तारो-नो काशिता हितो' (तारोने ज्याला उसनं दिलं तो माणूस) चालतं, मध्ये 'होन-ओ' घातलं की बिघडतं. भाषाशास्त्रज्ञ एस. आय. हारादा यांनी १९७१ मध्ये या 'गा-नो' अदलाबदलीवर लिहिलं, आणि 'ओ' आला की 'नो' का अडतो यावर भाषाशास्त्रज्ञ अजून भांडतायत.