राबणारी माणसं मरत का होती? नॉर्थ कॅरेलियाची पार्श्वभूमी

गावपातळीवर आरोग्य, आहार, फिटनेस असा विषय निघाला की हार्टचे मृत्यू कमी करून दाखवलेल्या नॉर्थ कॅरेलियाचं नाव कोणीतरी घेतंच. फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या बॉर्डरला लागून असलेला जंगल आणि तळ्यांचा हा भाग, वस्ती तेव्हा साधारण १ लाख ८० हजार. १९६० च्या दशकात हार्टच्या आजाराने पुरुष दगावण्यात फिनलंड जगात सगळ्यात पुढे आणि फिनलंडमध्ये हा प्रांत सगळ्यात पुढे. बरं ही माणसं काही खुर्चीत बसून पोट सुटलेली नव्हती, लाकूडतोड, शेती, हिवाळ्यात स्कीइंग, अंगमेहनत भरपूर, तरी चाळिशी-पन्नाशीत धडाधड जायची.

घोळ ताटात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लढून परतलेल्यांना जमिनी मिळाल्या, पण त्या थंडीत पिकणार काय, मग गाई पाळल्या, दूध-लोणी घरचंच. उपासमार बघितलेल्या माणसाला ब्रेडवर बटरचा जाड थर म्हणजे बरकतच वाटणार ना, आपल्याकडेही पाहुण्याच्या पोळीवर तूप कमी पडलं तर यजमानाला लाज वाटते. तिथलं लाडकं कालवण म्हणजे चरबीवालं मांस, पाणी आणि मीठ. हिरवा पाला? तो जनावरांचा. वर निम्मे पुरुष सिगरेट ओढणारे.

१९७१ च्या जानेवारीत तिथल्या गव्हर्नरसकट स्थानिक पुढाऱ्यांनी सरकारकडे लेखी मागणी केली की हे हार्टचे मृत्यू थांबवायला आता काहीतरी करा. म्हणजे त्यातून पुढे आलेली स्कीम वरून लादलेली नव्हती, मला तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. १९७२ ला प्रोजेक्ट सुरू झाला, प्रमुख पेक्का पुस्का, वय फक्त २७, आणि तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत घेतला.

नुसती डॉक्टरांची लेक्चरं देऊन काही होणार नव्हतं, म्हणून मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेला (१८९९ पासूनची!) हाताशी धरलं. या बायकांनी गावागावात जेवणाचे मेळावे घेतले, कालवण तेच पण मांस कमी आणि त्यात गाजर, बटाटा, सलगमसारखे कंद घातलेले, सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, चव पटली की घरी जाऊन तसंच करायचं. सॉसेजवाल्यांनाही चरबी कमी करून मशरूम घालायला लावलं.

बटर कमी खा म्हटल्यावर दूधवाले मात्र भडकले, आणि का नाही भडकणार, पोटावरच पाय. तेव्हा त्यातल्या काहींना बेरीच्या शेतीकडे वळवायचा प्रयत्न झाला, आणि फिनलंडच्या थंडीत तग धरणाऱ्या मोहरीवर्गीय पिकाचं तेल हळूहळू बटरच्या जागी आलं.

१९७७ नंतर हाच प्रयोग देशभर नेला, १९९७ ला प्रोजेक्ट संपवला. कामाच्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू पुढे ८० टक्क्यांहून जास्त घटले, आणि तोवर लाकूडतोड मशिनवर गेली होती, म्हणजे अंगमेहनत उलट कमीच झालेली.