फ्रेम ड्रॅगिंग (लेन्स-थिरिंग इफेक्ट)

स्वतःभोवती फिरणारी जड वस्तू आजूबाजूचं स्पेसटाइमही थोडंसं आपल्यासोबत ओढत फिरवते, त्याला फ्रेम ड्रॅगिंग म्हणतात. न्यूटनच्या हिशोबात गोळा फिरो नाहीतर स्थिर असो, गुरुत्वाकर्षण तेवढंच. आइन्स्टाइनच्या जनरल रिलेटिव्हिटीत तसं नाही, इलेक्ट्रिक चार्ज फिरला की मॅग्नेटिक फील्ड तयार होतं ना, तसंच वस्तुमान फिरलं की गुरुत्वाचा एक जादा भाग तयार होतो आणि त्या वस्तूचा कोनीय संवेग (अँग्युलर मोमेंटम, म्हणजे फिरण्याचं एकूण प्रमाण) किती आहे ते बाहेर राहूनच या भागावरून काढता येतं. 1918 साली जोसेफ लेन्स आणि हान्स थिरिंग या दोघा ऑस्ट्रियन लोकांनी हे गणित मांडलं. अंतर दुप्पट झालं की परिणाम आठपट कमी, त्यामुळे मोजायचा तर जवळ जाऊनच.

पृथ्वीभोवती तो मोजायला नासा आणि स्टॅनफर्डने 2004 मध्ये ग्रॅव्हिटी प्रोब बी नावाचं यान सोडलं. 642 किमी उंचीवर, दोन्ही ध्रुवांवरून जाणारी कक्षा, आत स्वतःभोवती फिरणारे क्वार्ट्झचे 3.8 सेंमीचे चार गोळे, त्यांच्यावर नायोबियमचा पातळ थर, आणि सगळं लिक्विड हेलियममध्ये 1.8 केल्विनला थंड ठेवलेलं. गोळ्यांचा अक्ष एका ताऱ्याच्या दिशेने लावला आणि तो किती सरकतो ते बघत बसले. थिअरी सांगत होती वर्षाला 39 मिलिआर्कसेकंद, म्हणजे या वेगाने एक डिग्री सरकायला 92 हजार वर्षं लागतील! त्यात गोळ्यांवरच्या बारीक इलेक्ट्रिक डागांमुळे अक्ष भलतीकडेच ढकलला जात होता, डेटा 2005 मध्येच गोळा झाला होता पण तो साफ करून निकाल हातात यायला 2011 उजाडलं: 37.2, अधिक-उणे 7.2. एरर जवळपास 19 टक्के, मोठीच आहे, पण एवढी सूक्ष्म गोष्ट पकडली हेच मला प्रचंड वाटतं.

ब्लॅक होलपाशी मात्र हा परिणाम अफाट असतो. रॉय केर यांनी 1963 मध्ये फिरत्या ब्लॅक होलसाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं सोल्यूशन काढलं, त्यात इव्हेंट होरायझनच्या (जिच्या आतून काहीच परत येत नाही ती सीमा) बाहेर एर्गोस्फिअर नावाचा पट्टा येतो, तिथे कितीही जोर लावला तरी दूरच्या माणसाला तुम्ही एका जागी थांबलेले दिसूच शकत नाही, फिरावंच लागतं. 1969 मध्ये रॉजर पेनरोज यांनी दाखवलं की याच पट्ट्यातून ब्लॅक होलची फिरण्याची ऊर्जा बाहेर काढता येते, पूर्ण वेगाने फिरणाऱ्या ब्लॅक होलमधून त्याच्या वस्तुमानाच्या 29 टक्क्यांपर्यंत, आणि जसजशी ती निघते तसतसा त्याचा कोनीय संवेगही उतरत जातो.