पाय खरंच घसरतो का?

पावसाळा लागला की गोव्यातल्या वृद्धाश्रमांतून घरच्यांना जाणारा फोन साधारण एकाच वळणाचा असतो. "आजी पडली." पलीकडून, दुबईहून नाहीतर लिस्बनहून, पहिला प्रश्न येतो: "न्हाणी ओली होती?" मग रबरी चटई येते आणि विषय मिटतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांच्या प्रमाणात गोवा केरळखालोखाल होता, शंभरात सुमारे ११. असे फोन वाढणारच.

पण दोष लादीचाच असतो का? कॅनडातल्या दोन वृद्धनिवासांत २००७ ते २०१० दरम्यान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पडण्याच्या २२७ घटना संशोधकांनी एकेक करून पाहिल्या. घसरून पडलेले निघाले २२७ पैकी फक्त ६. अडखळून पडलेले २१ टक्के. सगळ्यांत मोठा वाटा, ४१ टक्के, अंगाचा भार इकडून तिकडे नेताना तोल चुकल्याचा होता. काही जण तर नुसते उभे असताना पडले. (न्हाणीत अर्थातच कॅमेरे नव्हते, तेव्हा चटई फेकून देऊ नका.)

उभं राहणं आपल्याला काम वाटतच नाही. प्रत्यक्षात डोळे, आतला कान आणि तळपाय मेंदूला सतत खबर देत असतात आणि स्नायू त्याबरहुकूम आपल्याला सावरत असतात. मोतीबिंदू आला, मधुमेहाने तळवे बधिर झाले, की खबर अर्धवट पोचते. मांडीतली ताकद गेलेली असली तर सावरायला टाकलेलं पाऊलही आखूड पडतं.

त्यात रक्तदाब. उठून उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पाय-पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक ते ओळखून शिरा आवळायला लावतात; म्हातारपणी ही यंत्रणा सुस्तावते. तीन मिनिटांत वरचा दाब २० ने उतरला तर डॉक्टर त्याला आजारच समजतात. झोपेच्या, रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या त्यात भर घालतात. मध्यरात्री लघवीला उठलेल्या आजोबांच्या पोटात यातल्या तिन्ही असू शकतात. माझ्या मते चटईआधी गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवावा आणि पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायची सवय लावावी.

एकदा पडलं की मात्र "आजी, तू बसूनच राहा" सुरू होतं. काळजी खरी असते, पण निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं होतं.