गाडी कशी बंद पडली, ते आधी आठवा

कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढताना, किंवा नाशिकच्या अंबडला कारखान्यांची पाळी सुटल्यावर गरवारे पॉइंटच्या गर्दीत मोटरसायकल चालता चालता बंद पडली, की हात आपोआप सेल्फकडे जातो. दहा-बारा वेळा सेल्फ मारला जातो, बॅटरी बसते आणि मेकॅनिकला सांगायला एकच वाक्य उरतं: ‘अचानक बंद पडली.’ त्या वाक्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. इंजिन थांबलं कसं, ही दोषाची सगळ्यात भरवशाची खूण, आणि ती फक्त चालवणाऱ्यानेच पाहिलेली असते.

पहिलं काम गाडी कडेला घेण्याचं. क्लच पूर्ण दाबला की मागचं चाक इंजिनापासून मोकळं होतं आणि गाडी घरंगळत राहते. मोटरसायकलचे ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालत नाहीत, त्यामुळे ते नेहमीसारखेच लागतात. गाडी उभी राहीपर्यंत चावी मात्र बंद करू नका. घाटातल्या धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत असतो.

मग आठवा. बटण दाबून दिवा मालवावा तसं इंजिन एका क्षणात गप्प झालं, की आधी पिकअप गेला, गाडीने झटके दिले आणि आचके देत थांबली? पहिल्या प्रकारात बहुधा करंट तुटलेला असतो, दुसऱ्यात बहुधा पेट्रोल कमी पडलेलं असतं. वायर एक तर जोडलेली असते किंवा तुटलेली, अधलंमधलं काही नाही. पेट्रोल मात्र हळूहळू आटतं. हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी होत जातं, काही स्फोट होतात, काही हुकतात, तेच झटके. ‘बहुधा’ म्हणायलाही कारण आहे. एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाची वायर सुटली तर दाब क्षणात पडतो आणि दोष पेट्रोलचा असूनही इंजिन स्विच मारल्यासारखं थांबतं. उलट प्लग खराब असेल तर करंटचा दोष असूनही गाडी मिस मारत राहते.

हे किती नाजूक गणित आहे ते एकदा बघू. १५० सीसीचा सिलिंडर पूर्ण भरला तर त्यात जेमतेम ०.१८ ग्रॅम हवा मावते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, म्हणजे एका स्फोटाला साधारण ०.०१२ ग्रॅम. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाहूनही हे कमी. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर असे ५० स्फोट सेकंदाला होतात. त्या प्रत्येकाला थेंबाचा तेवढा हिस्सा, तेवढी हवा आणि नेमक्या वेळी ठिणगी मिळायलाच हवी.

एफआयऐवजी कार्बोरेटरमध्ये हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांचा सगळ्यात फसवा दोष टाकीच्या झाकणात असतो. गाडी काही किलोमीटर छान चालते, मग आचके देत बंद पडते. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते आणि तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबते. टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यावी लागते, आणि ती येते झाकणातल्या बारीक छिद्रातून. ते धुळीने बुजलं की आत निर्वात तयार होऊ लागतो. टाकी कार्बोरेटरपेक्षा पाव मीटर उंच असली, तरी पेट्रोलच्या त्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. म्हणजे टाकीतला दाब फक्त २ टक्क्यांनी उतरला तरी पेट्रोल खाली यायचं थांबतं. टाकीत ५ लिटर मोकळी जागा असेल तर सुमारे १०० मिली पेट्रोल खर्च होताच ही वेळ येते. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीत हे साडेचार किलोमीटर झाले. पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, म्हणून प्रत्यक्षात अंतर जरा वाढतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर मोकळी जागा कमी, म्हणून गाडी त्याहून लवकर थांबते. नुकतंच पेट्रोल भरून निघालो आणि गाडी बंद पडली, पेट्रोलच खराब असणार, असं अनेकांना वाटतं ते यामुळेही. गाडी थांबताच झाकण उघडा. सुस्काऱ्यासारखा आवाज येऊन हवा आत शिरली आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला. छिद्र बारीक तारेने मोकळं करून हवा मारली की काम होतं. टाकीवर घट्ट ताणून बसवलेलं रेक्झिनचं कव्हरही हेच छिद्र दाबू शकतं.

पावसाळ्यात याच झाकणाभोवती दुसरा घोटाळा होतो. झाकणाच्या कडेचं पाणी वाहून जायला एक छिद्र असतं, त्याला जोडलेली बारीक नळी गाडीखाली उतरते. द्राक्षबागांच्या वाटांवरची माती त्यात घट्ट बसते, पाणी तिथेच साचतं आणि झाकण उघडताना टाकीत पडतं. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर चार महिने पाऊस थांबत नाही. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी थोडं असेल तर ते विरघळून जळूनही जातं. मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. पेट्रोल नेमकं तळातूनच उचललं जातं.

तपासणी सोपी आहे. इंजिन गार होऊ द्या, आसपास बिडी-सिगारेट नको. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते पारदर्शक बाटलीत धरून पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर पाणी आहे. मग नुसतं कार्बोरेटर धुऊन भागत नाही, टाकी उतरवून रिकामी करावी लागते.

कार्बोरेटरच्या गाडीत सिग्नलला ॲक्सिलेटर सोडला की बंद, पिळला की चालू, असं असेल तर बहुधा आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक तोटीत, पायलट जेटमध्ये, कचरा आहे. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, तारेने खरवडू नका. एफआय गाडीत चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज, रिले, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) या क्रमाने बघा. हा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो, म्हणून अशा गाडीत टाकी कायम रिझर्व्हवर चालवू नये.

आता करंट. बंद पडल्या क्षणी मीटर आणि हेडलाइटही गेले का? गेले असतील तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा चावीचा स्विच. टर्मिनल हाताने हलवून पाहा, हललं तर तिथेच थांबा आणि आवळा. चावीला जड जुडगा लटकवलेला असेल तर तो काढा, खड्ड्यागणिक त्याचे हिसके स्विचच्या पॉइंटला बसतात. मग गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. ठरावीक कोनात इंजिन थांबलं तर हँडलच्या मानेत वाकून वाकून वायर आतून तुटलेली आहे. वरचं वेष्टन धड असतं, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. न्यूट्रलला चालते पण गिअर टाकला की थांबते, ही साइड स्टँडच्या स्विचची तक्रार. त्यावरचा चिखल धुऊन पाहा.

गरम झाल्यावरच बंद पडणं आणि वीस मिनिटांनी निमूट चालू होणं, यात अनेक गाडीवाल्यांचे खिसे रिकामे होतात. प्लग बदलला जातो, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदललं जातं, दोष राहतो तिथेच. बहुतेकदा तो पल्सर कॉइलमध्ये असतो. क्रँक कुठे फिरला हे ही कॉइल सांगते, म्हणून ती गप्प झाली की ठिणगीही नाही. तिच्यातल्या केसासारख्या तारेला तडा गेलेला असतो. गार असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात, तापून प्रसरण झालं की सुटतात. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गार होते आणि मीटरवर सगळं ठीक दिसतं. म्हणून कॉइलच्या वायरचा जोड (कपलर) सोडून मोजमाप गरम असतानाच घ्या. पुष्कळ गाड्यांत १०० ते ३०० ओहमच्या आसपास आकडा येतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर कॉइल गेली. व्हॉल्व्ह फार घट्ट बसवलेले असले तरी तापल्यावर कॉम्प्रेशन जाऊन गाडी थांबते, पण तेव्हा किक हलकी लागते.

घाटात उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून गाडी बंद पडते, असं इथे सर्रास ऐकू येतं. कसारा ते इगतपुरी चढ साधारण ३०० मीटरचा. तेवढ्याने हवा जेमतेम ३ टक्के विरळ होते, इंजिन थांबायला हे पुरेसं नाही. खरं कारण ॲक्सिलेटरमध्ये आहे. चढावर तो पूर्ण पिळला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येतं, दाब वाढतो, आणि दाट वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून ०.८ मिलिमीटरची १ च्या वर गेली असेल तर सपाट रस्त्यावर चालून जातं, घाटात ठिणगी हुकते. प्लग काढून हेडला टेकवून बघितलेली ठिणगी मोकळ्या हवेतली असते, तिच्यावरून प्लग चांगला ठरवू नये. पावसात तर ते वाढलेलं व्होल्टेज प्लग कॅपवरच्या ओल्या मातीतून बाहेरच निसटतं. अंधारात कॅपवर निळसर रेघ सरपटताना दिसते. तेव्हा हात लावू नका. इंजिन बंद करून कॅप कोरडी पुसा. कॅप स्क्रूसारखी फिरवून निघत असेल तर प्लगला येणाऱ्या जाड वायरचं (एचटी वायर) टोक ५ मिलिमीटर कापून ती पुन्हा घट्ट बसवा.

आणि इंजिन थांबताना मागचं चाकच अडकलं, गाडी घसरली, क्लच दाबल्यावर सुटली, तर सेल्फ, किक, धक्का काहीच मारू नका. बहुधा ऑइल संपून पिस्टन सिलिंडरला चिकटल्याची ती खूण आहे. अर्धा तास थांबा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहा. ऑइल असल्यास किक हाताने हळूच खाली न्या. ती अडली, किंवा पट्टी कोरडी निघाली, तर गाडी टेम्पोत घाला.