सराफ्यातला जलेबा आणि रंगाचं गणित

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की खाऊची दुकानं लागतात. तिथला जलेबा, म्हणजे भलीमोठी जिलेबी, एकट्यानं संपवणं येरागबाळ्याचं काम नव्हे, एकेक नग पाव किलोच्याही वर भरतो. पुण्याहून आलेले पाहुणे पहिला घास घेण्याआधी हमखास विचारतात, "यात रंग आहे का हो?" असला तर कोणता आणि किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

समजा, रंग सनसेट यलो आहे. मिठाईत तो घालायला परवानगी आहे. उंदरांना तो दीर्घकाळ रोज खाऊ घातला, तेव्हा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३७५ मिलिग्रॅमपर्यंत अपाय आढळला नाही. हा आकडा शंभरानं भागतात. एकदा दहानं, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पुन्हा दहानं, कारण सगळी माणसंही सारखी नसतात. कुणी तान्हं, कुणी म्हातारं, कुणी आजारी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये मांडलेला हा भाजक खरं तर जाणकारांचा अंदाजच, पण तो टिकला. उरले ३.७५. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये ते ४ धरले. रोज, जन्मभर पोटात गेला तरी चालेल असा हा आकडा आहे.

आता पंधरा किलोचं पोर घ्या. त्याला दिवसाला ६० मिलिग्रॅम चालतील. आपल्याकडे मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे ६०० ग्रॅम जलेबी झाली. तेवढी खाल्ली तर रंगाआधी साखर आणि तूपच त्याला आडवं करतील!

जनुकांना इजा करणाऱ्या रसायनांना मात्र हा भागाकार लागू पडत नाही. तिथे अमुक मात्रेखाली धोका नाहीच, असं सहसा धरत नाहीत.

आणि वरचा सगळा हिशेब रंग परवानगीचा आहे आणि मोजून घातलाय, असं धरून केलेला. कढईपाशी तो चिमटीनं पडतो. त्याच दिवशी पोरानं केशरी सरबत प्यायलं तर तेही बेरजेत येतं. मेटॅनिल यलोसारख्या पिवळ्या रंगाला तर अन्नात परवानगीच नाही, तरी भेसळीत तो सापडत आलाय. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेनं असे रंग बाजारातल्या खाण्यात तपासले आहेत.

पाकीटबंद मालावर सनसेट यलोचा ११० हा क्रमांक छापलेला सापडतो. कढईतून थेट द्रोणात आलेल्या जलेब्यावर तो कुठे शोधणार? तिथे नमुना उचलून प्रयोगशाळेत धाडण्याखेरीज इलाज नाही.