पार्श्वभूमी : १३ जून १९७१ चा मथळा

बांगलादेशात १९७१ च्या हत्याकांडाचा विषय निघाला की तीन गोष्टी हटकून येतात: तीस लाख बळींचा आकडा, युद्धगुन्ह्यांचे खटले आणि लंडनच्या एका रविवारच्या वृत्तपत्रात १३ जून १९७१ रोजी छापून आलेला लेख. तो लेख अँथनी मास्करेन्हस यांचा. पत्रकार म्हणून त्यांची कारकीर्द पुढेही पंधरा वर्षं चालली. त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, बंड करून सत्तापालट घडवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना बोलतं केलं, पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावर लिहिलं. पण त्यांचं नाव त्या एका रविवारपाशीच थांबतं, आणि ते अगदीच अन्यायाचं आहे असंही म्हणता येत नाही.

मास्करेन्हस मूळचे गोव्याच्या ख्रिस्ती समाजातले. जन्म १९२८ चा, बेळगावचा. शिक्षण आणि नोकरी कराचीत. आज हा प्रवास दोन देशांतला वाटतो. त्यांच्या जन्माच्या वेळी मात्र बेळगाव आणि कराची ही दोन्ही गावं एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. कराचीच्या सदर भागात गोवेकरांची जुनी वस्ती होती आणि शाळा, बँडपथकं, कचेऱ्या, इंग्रजी वर्तमानपत्रं अशा ठिकाणी ही मंडळी भरपूर असत. फाळणीनंतर त्यातले बरेचजण तिथेच राहिले आणि पाकिस्तानी नागरिक झाले. मास्करेन्हस त्यांपैकी एक. १९७१ पर्यंत ते कराचीतल्या एका इंग्रजी दैनिकाचे सहायक संपादक झाले होते आणि सरकारदरबारी त्यांची ओळख भरवशाचा माणूस अशी होती. पुढे जे घडलं ते या भरवशामुळेच घडलं, म्हणून हे सांगायला हवं.

२५ मार्चच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली, तेव्हा तिथल्या तीसेक परदेशी बातमीदारांना हॉटेलात कोंडून नंतर देशाबाहेर काढण्यात आलं. एक तरुण ब्रिटिश वार्ताहर हॉटेलातच लपून राहिला आणि महिनाअखेरीस त्याची बातमी बाहेर आली. ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीच्या प्रमुखाने २८ मार्चलाच वॉशिंग्टनला पाठवलेल्या तारेत ‘निवडक वंशसंहार’ असे शब्द वापरले होते. पण ती तार सरकारी होती, लोकांपुढे आलेली नव्हती. एकूण चित्र असं की बाहेरच्या जगाला निर्वासितांच्या तोंडून कळत होतं आणि इस्लामाबाद ते सगळं भारताचा अपप्रचार म्हणून झटकत होतं.

हे झटकणं सोपं जावं म्हणून एप्रिलमध्ये लष्कराने पश्चिम पाकिस्तानातल्या आठ पत्रकारांना पूर्वेकडे दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेलं. परिस्थिती पूर्वपदावर येत आहे, बंगाली बंडखोरांनी बिहारी मुसलमानांच्या (फाळणीनंतर तिथे आलेल्या उर्दूभाषकांच्या) कत्तली केल्या, लष्कर सुव्यवस्था आणत आहे, एवढं लिहून यावं अशी अपेक्षा होती. बिहारींच्या कत्तली खोट्या नव्हत्या आणि मास्करेन्हस यांनीही त्या नंतर दडवल्या नाहीत. आठांपैकी सात जणांनी सांगितलं तेवढंच लिहिलं.

आठव्याने, म्हणजे मास्करेन्हस यांनी, पूर्वेतल्या कोमिल्ला शहरात वेगळं पाहिलं. लष्कराच्या तळावर त्यांचा मुक्काम होता. कोमिल्ला, हाजीगंज, चांदपूर या पट्ट्यात ते तुकड्यांबरोबर हिंडले. गावोगाव, घरोघर हिंदूंचा शोध घेतला जाई. सुंता झाली आहे की नाही हे पाहून माणसाला गोळी घालायची की सोडायचं ते ठरे. सर्किट हाउसच्या आवारातून मरेपर्यंत मार खाणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू येत. संचारबंदीच्या अंधारात ट्रक भरून माणसं नेली जात. आणि रात्री मेसमध्ये चांगले शिकलेसवरलेले अधिकारी एकमेकांना दिवसभरात किती मारले ते विचारत. ढाका आणि कोमिल्लातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्यांना सरळ सांगितलं की फुटीरपणाचा धोका कायमचा साफ करायचा आहे, त्यासाठी वीस लाख माणसं मारावी लागली आणि तीस वर्षं वसाहतीसारखा कारभार करावा लागला तरी हरकत नाही.

हे सगळं त्यांच्यासमोर का बोललं गेलं? कारण ते पाहुणे होते, आपले होते. शोधपत्रकारिता म्हटलं की आपल्याला दडवलेले कागद, गुप्त भेटी, निनावी फोन आठवतात. इथे दडवलेलं काहीच नव्हतं. गुन्हेगार स्वतःहून सांगत होते, फक्त ऐकणारा छापणार नाही अशी त्यांची खात्री होती.

कराचीत ते छापणं अशक्यच होतं. जे पाहिलं ते लिहिता आलं नाही तर यापुढे एक शब्दही लिहू शकणार नाही, असं त्यांनी पत्नीला सांगितल्याचं तिने पुढे सांगितलं. लंडनमधली बहीण आजारी असल्याचं निमित्त करून १८ मे रोजी ते तिथल्या वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. संपादकाने ऐकून घेतलं, लेख घ्यायचं ठरलं. पण बायको आणि पाच मुलं कराचीत असेपर्यंत एक ओळही छापता येणार नव्हती. मग सांकेतिक तार ठरली: बहिणीचं ऑपरेशन यशस्वी झालं, म्हणजे निघा. संशय नको म्हणून मास्करेन्हस स्वतः पाकिस्तानात परतले, कुटुंब रोममार्गे बाहेर पडलं. त्या काळी पाकिस्तानी नागरिकाला वर्षातून एकदाच परदेशी विमानप्रवासाची मुभा होती आणि त्यांची ती संधी वापरून झाली होती. ते चोरून खुष्कीच्या मार्गाने अफगाणिस्तानात उतरले आणि तिथून लंडनला पोचले. सगळे एकत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी लेख प्रसिद्ध झाला.

मथळा एका शब्दाचा होता: जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार. वाद जो आहे तो इथून सुरू होतो.

तो शब्द मास्करेन्हस यांच्या निरीक्षणांवर बेतलेला होता हे खरं, पण मथळा हा कोणत्याही वृत्तपत्रात संपादकांचा निर्णय असतो. आणि हा निर्णय साधा नव्हता. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असला तर तो वंशसंहार. राजकीय गट या व्याख्येत नाहीत. करार घडताना ते मुद्दाम वगळले गेले, कारण अनेक सरकारांना ते अडचणीचं होतं. पाकिस्तानने हा करार १९५७ मध्ये आणि भारताने १९५९ मध्ये मान्य केला होता. आता प्रश्न असा की लष्कराने पूर्वेत कोणाला मारलं? शेख मुजीब यांच्या अवामी लीग या पक्षाचे कार्यकर्ते, विद्यार्थी, प्राध्यापक, बंगाली पोलीस आणि जवान: यांना बंडखोर म्हणून, म्हणजे राजकीय शत्रू म्हणून मारलं, असा युक्तिवाद करता येतो आणि पाकिस्तानची बाजू मांडणारे तो आजही करतात. हिंदूंच्या बाबतीत मात्र हा बचाव टिकत नाही. माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे सुंता पाहून कळत नाही.

जिनिव्हाच्या एका विधिज्ञ संघटनेने १९७२ मध्ये नेमकी हीच विभागणी केली. संपूर्ण बंगाली जनतेविरुद्धचा वंशसंहार सिद्ध करणं अवघड आहे, हिंदूंविरुद्धच्या वंशसंहाराचा मात्र सकृद्दर्शनी भक्कम पुरावा आहे, असं त्यांचं मत पडलं. ते कोणालाच सोयीचं नव्हतं. नव्या बांगलादेशाची उभारणी बंगाली या ओळखीवर झाली होती. बळी बंगाली राष्ट्राचे होते असं म्हणणं तिथे भाग होतं. दिल्लीलाही ते नको होतं. निर्वासितांत बहुसंख्य हिंदू आहेत हे १९७१ मध्ये सरकारला पक्कं ठाऊक होतं, पण देशात दंगली पेटतील आणि प्रश्न हिंदू-मुसलमान असा दिसेल या भीतीने जाहीर बोलण्यात तो भाग मागे ठेवला गेला. निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेल्यावरसुद्धा ते धोरण फारसं बदललं नाही. मला ते त्या वेळेपुरतं समजण्यासारखं वाटतं. पण त्याचा परिणाम असा झाला की मास्करेन्हस यांच्या लेखातला सर्वांत ठोस, कायद्याच्या कसोटीला उतरणारा भाग दोन्ही देशांत सर्वांत कमी वाचला गेला.

मग वाद सरकला तो आकड्याकडे. ढाक्याचा अधिकृत आकडा तीस लाख. पाकिस्तानने नेमलेल्या न्यायिक आयोगाने लष्कराच्या अहवालांवर विसंबून सव्वीस हजार मानला, जो कोणी गंभीरपणे घेत नाही. २००८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने घरोघरच्या पाहणीवरून सुमारे दोन लाख एकोणसत्तर हजारांचा अंदाज दिला. यावर पुस्तकं झाली, भांडणं झाली. पण व्याख्येत आकडा कुठेच नाही, हेतू आहे. आणि हेतूचा पुरावा म्हणून, मारेकऱ्यांनी विश्वासातल्या माणसासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या गोष्टींपेक्षा आणखी काय हवं? कोमिल्लाच्या मेसमधलं बोलणं या दृष्टीने कोणत्याही मोजणीपेक्षा मोलाचं आहे. आकड्याच्या वादात ते हरवलं.

लेखाबद्दल दुसरी एक दंतकथा आहे. आपण तो वाचून इतक्या हादरलो की युरोपच्या राजधान्यांत आणि मॉस्कोत स्वतः जाऊन लष्करी हस्तक्षेपाची जमीन तयार केली, असं इंदिरा गांधींनी त्या संपादकाला सांगितलं म्हणे. संपादकाने सांगितलेली आठवण आहे, खोटी नसेलही. पण एप्रिलमध्येच लष्करप्रमुखांशी युद्धाच्या वेळापत्रकाची चर्चा झाली होती आणि मुक्तिवाहिनी या बंगाली लढवय्यांच्या दलाला मदत सुरू होती. लेखाने पाश्चात्त्य जनमत हलवलं, ते काम मोठं होतं. युद्ध त्याने सुरू केलं नाही.

लंडनमध्ये मास्करेन्हस त्याच वृत्तपत्रात चौदा वर्षं राहिले. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये पत्रकारितेचे सन्मान मिळाले. पाकिस्तानात शत्रूचा हस्तक हा शिक्का. तरीही तिथले त्यांचे धागे तुटले नव्हते. पाकिस्तान अणुबॉम्बच्या वाटेला लागल्याचं सर्वांत आधी जगासमोर आणणाऱ्यांत त्यांचं नाव १९७९ साली घेतलं गेलं.

बांगलादेशही त्यांनी सोडला नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी शेख मुजीब यांची कुटुंबासह हत्या झाली. ती घडवणाऱ्या दोन मेजरांची मास्करेन्हस यांनी घेतलेली मुलाखत १९७६ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. दोघांनी कबुली तर दिलीच, शिवाय कारणंही सांगितली. इथेही तीच पद्धत दिसते: मारणाऱ्याला बोलू द्यायचं. या मुलाखतींवर उभं राहिलेलं त्यांचं दुसरं पुस्तक १९८६ मध्ये आलं. त्यात मुजीब यांचा कारभार आणि नंतरचा लष्करी राज्यकर्ता या दोघांनाही त्यांनी सोडलं नाही, त्यामुळे ढाक्यातले या दोघांचे पक्ष त्यातलं आपल्याला हवं तेवढं उचलतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मास्करेन्हस वारले.

खटले त्यांच्या हयातीत झाले नाहीत. १९७३ मध्ये ढाक्यात युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांसाठी कायदा झाला खरा, पण १९७४ च्या त्रिपक्षीय करारात १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवरचे आरोप सोडून देण्यात आले आणि ते मायदेशी गेले. न्यायाधिकरण बसलं ते २०१० मध्ये, तेही फक्त पाकिस्तानी लष्कराच्या स्थानिक सहकाऱ्यांसाठी. पहिली फाशी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. कोमिल्लाच्या मेसमध्ये बसणाऱ्यांपैकी कोणीच त्या कठड्यात उभा राहिला नाही.

या न्यायाधिकरणापुढे एक पत्रकार मात्र उभा राहिला. तेव्हा ढाक्यात राहणारा हा ब्रिटिश शोधपत्रकार १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये लपलेल्या १९७१ च्या संशयितांवरच्या दूरचित्रवाणी चित्रपटात बातमीदार होता. म्हणजे खटले व्हावेत म्हणून ज्यांनी खपून काम केलं त्यांच्यातलाच. पुढे त्याने तीस लाखांच्या आकड्याला आधार काय, असं लिहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने त्याला अवमानाबद्दल दोषी धरून पाच हजार टका दंड केला. १९७१ मध्ये जनरलना नको असलेलं लिहिल्याबद्दल एकाला देश सोडावा लागला. २०१४ मध्ये बळींच्या नावाने बसलेल्या कोर्टाने दुसऱ्याला दंड केला. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत, पण दुसरीने पहिलीचं काही भलं झालं नाही.

२०१७ मध्ये बांगलादेशच्या संसदेने २५ मार्च हा वंशसंहार दिन ठरवला. २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात मान्यतेचा ठराव मांडला गेला आणि पडून राहिला. वंशसंहाराच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातलं सरकार कोसळलं आणि १९७१ साठी बसवलेल्या त्याच न्यायाधिकरणापुढे, आंदोलकांवरच्या गोळीबाराबद्दल, सत्ता गेलेल्या पंतप्रधान शेख हसीना यांच्यावर खटला चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावण्यात आला. १९७१ च्या आठवणींवर ज्या पक्षाने मालकी सांगितली तो अवामी लीग पक्षच बाजूला पडल्याने, मास्करेन्हस यांचा लेख आता कोण आणि कशासाठी पुढे करणार हे तिथे नव्याने ठरतं आहे. इस्लामाबादने आजवर त्यातला कोमिल्लाचा भाग मान्य केलेला नाही.