पेटंटचा वर्ग म्हणजे पेटंटची हद्द नव्हे

‘पेटंट ज्या वर्गात नोंदलं, त्याच क्षेत्रात त्याचं संरक्षण, दुसऱ्या क्षेत्रात कुणीही तो शोध वापरावा’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चूक आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याचं मोठं नुकसान होऊ शकतं.

गोंधळाचं मूळ बहुधा ट्रेडमार्कमध्ये आहे. तिथे नीस वर्गीकरणाचे ४५ वर्ग असतात, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. अर्जदार स्वतः वर्ग निवडतो, आणि त्या निवडीला खरोखर कायदेशीर वजन असतं. पेटंटचं तसं नाही. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलेलं आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण म्हणजे ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ विभागांची शोधसूची. ‘हे आधी कुणी केलं आहे का?’ हे परीक्षकाला पटकन सापडावं, एवढ्यासाठी ती आहे. वर्ग पेटंट कार्यालय देतं. संरक्षण किती, ते पेटंटमधले दावे, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणारी वाक्यं, ठरवतात. वर्गाचा क्रमांक नाही.

शिवाय वर्ग एकच असतो असंही नाही. नव्या औषधी रेणूचं पेटंट घ्या. रेणूच्या रचनेसाठी ‘सी०७डी’, औषधी मिश्रणासाठी ‘ए६१के’, कोणत्या आजारावर चालतं त्यासाठी ‘ए६१पी’. तिन्ही खुणा एकाच पेटंटवर! म्हणून एकाच वर्गात शोधून ‘असं काही आधी नाही’ म्हणणं मला फार धोक्याचं वाटतं.

युरोप-अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांनी मिळून केलेल्या ‘सहकारी पेटंट वर्गीकरणा’तली (सीपीसी) ‘वाय०२’ ही खूणही हवामानबदल रोखणारं तंत्रज्ञान शोधण्यासाठीच आहे. ते पर्यावरणस्नेही असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.